गोळी थांबते कुठं

दोन वर्षं मी ज्या घरात भाड्यानं राहिले, त्या घराचे मालक मला रोज सकाळी सात वाजता खोलीत कोंडायचे. पळभरच. बाहेरून दाराची आडवी कडी सरकायची, मागे ओढली जायची, पुन्हा सरकायची. सोबत मोजणं चालू असायचं, "लाभ... दोन... तीन... चार." मग सगळं शांत व्हायचं आणि दारापलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू यायचा.

"चार खेपा कडी सरकवाले अकरा सेकंद लागले, मॅडम. डुक्कर अकरा सेकंद थांबते का?"

"डुक्कर थांबो न थांबो, काका, माझी शाळा थांबत नाही. दार उघडा."

उघडायचे. एकदा मात्र विसरून तसेच सानगडीच्या बाजाराला निघून गेले आणि मला खिडकीतून काकूंना हाका माराव्या लागल्या. त्या दिवशी शाळेच्या वहीत उशिराचं कारण काय लिहावं, हे मला आजवर सुचलेलं नाही. 'घरमालक बंदूक चालवायचा सराव करत होते' असं लिहिलं असतं, तर हेडमास्तरांनी काकांना सोडून मलाच दवाखान्यात पाठवलं असतं. त्यातून काकांकडे बंदूकच नव्हती. ती घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर कुठल्या गोळीची, हा विचार ते मी येण्याच्या आधीपासून, पाच-सहा वर्षं करत होते.

मी मूळची नागपूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायला त्या गावात आले तेव्हा मला धान आणि तांदूळ यांतला फरकही धड ठाऊक नव्हता. काका जन्मभर मापारी होते. बाजारात धानाचा ढीग पडला की काटा टांगून माप घेणारा माणूस तो मापारी. त्याची एक रीत असते. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. दुसऱ्यापासून दोन, तीन, चार. आणि मोजायचं ते ओरडून, कारण हळू मोजणारा मापारी चोर, असं तिकडे सरळ म्हणतात. मापाऱ्यानं आकडा पुकारायचा, ढिगाच्या पलीकडे उभ्या शेतकऱ्यानं तोच आकडा परत म्हणायचा, मगच पुढचं माप. या नोकरीनं काकांना दोन गोष्टी दिल्या. एक आवाज, तलावाच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. दुसरा उजवा खांदा, पार कामातून गेलेला. भाकरीचा घास तोंडापर्यंत जायचा, पण झटपट काही मागेपुढे ओढायचं म्हटलं की हात अडून बसायचा.

आता बंदूक कशाला, तर काकूंच्या शेतासाठी. तलावाच्या पाठीमागे, जंगलाला लागून काकूंच्या माहेरच्या पाच बांध्या होत्या. चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेले धानाचे पाच तुकडे, एवढंच. लग्नात बापानं लेकीच्या नावानं करून दिलेले. लहानपणी काकूंनी तिथं चिखलात उभं राहून, रोपं लावत रोवणा केलेला. कुठल्या बांधीत पाणी आधी आटतं, कुठल्या धुऱ्यावर साप निघतो, सगळं त्यांना पाठ होतं. रानडुकरांचा त्रास जुनाच, पण तीन सालांपासून ती त्या बांध्या ऐन धान पिकताना पार लोळवून जात होती. काकूंचा भाऊ जमीन परत मागत होता; तिथं निलगिरी लावून मोकळं व्हायचं त्याच्या मनात होतं. मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, परे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या दिवसांत, काकूंनी चुलीपुढे बसून स्वच्छ सांगून टाकलं. "यंदाचं धान घरी आलं तं आलं. नाई तं मी भावाले सही करून देऊन टाकीन. मले दरसाल रडाले जमत नाई."

काका उठून माझ्या दाराची कडी सरकवायला लागले.

त्यांचा पेच तसा खरा होता, हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी मात्र नेत होते. वडिलांची जुनी भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक त्यांनी सरकारजमा केली होती आणि पीक राखायला नवी घ्यायचा परवाना मिळवला होता. ठरलेल्या मुदतीत बंदूक घेऊन नोंदवली नाही तर परवाना जातो. ती मुदत एकदा वाढवून झाली होती आणि दुसरी त्या डिसेंबरात संपत होती. डुकरं येतात कळपानं, म्हणून एका बारात भागत नाही. खांदा असा, म्हणून दर बारानंतर दाराच्या कडीसारखा दांडा मागेपुढे ओढायची बोल्टवाली रायफल चालत नाही. हवी ती सेमी-ऑटो. काका तिला 'आपल्यामनानं भरनारी' म्हणत. पण सामान्य माणसाच्या परवान्यावर आणि ऐपतीत बसणारी सेमी-ऑटो मिळते ती बावीस बोरची, बारकुल्या गोळीची. त्या गोळीनं मोठं डुक्कर पडत नाही, चिडतं, आणि चिडलेलं डुक्कर माणसावर येतं. डुक्कर जाग्यावर बसवते ती तीनशे पंधराची गोळी, पण ती रायफल बोल्टवाली, आणि किंमतही डोळे फिरवणारी. म्हणजे हाताला जमते ती गोळीनं कमी, आणि गोळीनं पुरी पडते ती हाताला जमत नाही.

मापारी माणूस, तोंडी हिशोबावर त्याचा विश्वास कसा बसणार? सोनाराची एक जुनी पितळी तागडी त्यांनी कुठूनशी पैदा केली होती. बावीसची गोळी भरते अडीच ग्रॅम, तीनशे पंधराची सोळा. पुस्तकात बघून हे मीच त्यांना सांगितलं. त्यांनी तेवढं तेवढं धान तोलून खिडकीत कागदावर दोन ढिगुल्या मांडल्या. एक चिमूटभर, एक मूठभर. दुपारी जेवण झालं की खिडकीशी बसून त्या दोन ढिगुल्यांकडे पाहत राहायचे. बाहेर तलावावर ऊन हलायचं, बदकं एकाच जागी तरंगत असायची, आणि काका या दोन चिमण्या ढिगांत सगळं जग तोलत असल्यासारखे बसलेले. चिमण्या यायच्या आणि तीनशे पंधराची गोळी खाऊन जायच्या. काका निमूट उठून परत तोलून ठेवायचे. चिमण्यांना हाकलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

ओसरीच्या भिंतीत त्यांनी दोन लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, एका रेषेत, रायफलीच्या लांबीच्या बेतानं. त्यांवर दुसरं काही टांगायची घरात कुणाला परवानगी नव्हती. एकदा मी ओला टॉवेल वाळत घातला, तर तो त्यांनी घडी करून माझ्या हातात आणून दिला, रागावलेही नाहीत. दसऱ्याला त्या रिकाम्या खुंट्यांना झेंडूचं फूल आणि हळदकुंकू. पूजा करताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि चेहरा असा निवांत, जसा की खरोखरच तिथं काही टांगलेलं आहे आणि ते एकट्या त्यांनाच दिसतं आहे. मागून काकू म्हणायच्या, "तुमच्या बंदुकीची वाट पाहू पाहू डुकरं म्हातारी झाली." काका हसायचे. काकूंचं बोलणं त्यांना कधी लागलं नाही, किंवा लागलेलं त्यांनी दिसू दिलं नाही.

मला वाटायचं, हा माणूस भित्रा आहे. माझं हे मत मी काकूंना बोलूनही दाखवलं होतं. आज त्याची लाज वाटते.

सप्टेंबरात शेवटी मीच रेटलं. एक रजा टाकली आणि काकांना घेऊन नागपूरला दुकानात गेले. त्यांनी इस्त्रीचा पायजमा घातला होता आणि परवान्याची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी परत रुमालात बांधून आणली होती. दुकानदारानं परवाना उलटसुलट पाहिला, शिक्के तपासले आणि बावीस बोरची सेमी-ऑटो काउंटरवर ठेवली. काकांनी ती तान्ह्या लेकरासारखी, डोक्याखाली हात देऊन उचलली. इतकं हरखलेलं माणूस मी लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही. खांद्याला लावली. खांदा दुखला नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हलकी हाये."

मला वाटलं, झालं एकदाचं. सुटलो.

मग त्यांनी खिशातून ती पितळी तागडी काढली. भर दुकानात काडतूस तोलायला लागले. दोन गिऱ्हाइकं हसली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागले. तोलून झाल्यावर त्यांनी काडतुसांची पेटी माझ्यापुढे धरली आणि तिच्यावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांत काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून सांगितलं की ही गोळी दीड मैलापर्यंत धोक्याची आहे, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. काकांनी पेटी खाली ठेवली. मोठ्या गोळीचं विचारलं. ती त्याहून लांब जाते, दुकानदार म्हणाला.

"मंग थांबते कुठं?"

दुकानदार तसा भला माणूस होता, पण दुपारची वेळ होती. "कशाला तरी लागेल तिथं थांबेल, काका."

काकांनी रायफल काउंटरवर ठेवली, जशी उचलली होती तशीच जपून. नमस्कार केला. आम्ही बसस्टँडवर आलो. भंडारा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी आतल्या आत धुमसत होते, माझी रजा गेली म्हणून. पूल ओलांडताना ते आपल्याशीच म्हणाले, "त्यानं बराबर सांगलं." एवढंच. घरी गेल्यावर काकू तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मीही फारशी बोलले नाही.

चौथ्या दिवसापासून काका सायकल घेऊन निघायला लागले. पुढच्या चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधलेली. बांध्यांमधल्या राखणीच्या मचाणापासून एका दिशेला सरळ निघायचं आणि चिंधी किती वेळा खालून वर आली ते मोजत, चाकाच्या फेऱ्यांनी अंतर मापत जायचं. रस्ता संपला की सायकल खांद्यावर, म्हणजे डाव्या खांद्यावर, आणि धुऱ्यावरून पावलं मोजत चालत. आठवडाभरानं त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा मला दाखवला. मध्ये मचाण, भोवती अडीच किलोमीटरचं कडं. कड्याच्या आत त्यांनी माणसं लिहिली होती. पूर्वेला तलावापलीकडे मासे धरणाऱ्या ढीवरांची वस्ती, म्हणजे टोली, तिथला जाळं विणणारा म्हातारा आणि झिंगे विकणारी त्याची सून. दक्षिणेला पिठाची गिरणी आणि गिरणीवाला. उत्तरेला शाळा, तिथं त्यांनी पोरांचा आकडा घातला होता आणि खाली 'मॅडम' असं लिहिलं होतं. पश्चिमेला निव्वळ जंगल. मी म्हटलं, या बाजूला मारा की, इकडे कोण आहे? त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सरपन येचनाऱ्या बाया'.

"एकबी बाजू रिकामी नाई, मॅडम. मी पाच सालं वजन करून राहिलो होतो डुकराचं. करायचं होतं ह्याचं."

 त्या कागदावर माझं नाव नव्हतं, फक्त मॅडम, पण स्वतःला असं कुणाच्या तरी काळजीत सापडलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. मी त्यांना भित्रा म्हटलं होतं. भीती होतीच, पण ती स्वतःच्या जिवाची नव्हती.

पण धान काही यामुळे वाचणार नव्हतं. दिवाळी जवळ आली, लोंब्या वाकल्या, आणि निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. गावात होत्या दोन, त्याही गेल्या. म्हणजे काकांनी रायफल घेतली असती तरी ऐन वेळी ती ठाण्यातच असती. हे ऐकून काकू कितीतरी दिवसांनी हसल्या, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. त्याच सकाळी डुकरांनी पहिली बांधी लोळवली. काकू धुऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. घरी येऊन त्यांनी पेटीतून सातबारा काढला आणि देव्हाऱ्याजवळ ठेवला. भाऊ मळणीच्या सुमारास येणार होता.

त्या संध्याकाळी काका मचाणावर चढले. हातात काही नव्हतं. दिवस बुडायच्या वेळी जंगलाच्या कडेला पानं वाजायला लागली, तेव्हा त्यांना नुसतं 'हाऽऽ हाऽऽ' ओरडावं असं सुचलं नाही. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. बाजारात करायचे तसा डावा हात कानाशी नेला आणि पुकारलं, "लाऽऽभ!" थोडं थांबून, "दोऽऽन!" मी शाळेच्या अंगणात पोरांच्या आकाशकंदिलांचे हिरवे-पिवळे कागद आवरत होते, तिथपर्यंत ऐकू आलं. शंभरापर्यंत मोजलं त्यांनी. डुकरं कडेला घुटमळून गेली. पहाटे तांबडं फुटताना पुन्हा शंभर.

दुसऱ्या संध्याकाळी ते मोजत असताना तलावापलीकडून तोच आकडा परत आला. टोलीतला तो म्हातारा. त्याच्या दोन बांध्यांचं धान तरुणपणी काकांच्याच काट्यावर उतरलेलं. मापाऱ्यानं पुकारलं की उलट म्हणायचं, ही त्याच्या जिभेची जुनी सवय. त्यानं काही ठरवून केलं नाही, जाळं गुंडाळता गुंडाळता बोलून गेला. काकांनी तो ऐकला. मग पुढचा आकडा पुकारला. तिसऱ्या दिवशी गिरणीवाला बोलला. चौथ्या दिवशी मी. कुणी पाहत नाही हे बघून घेतलं, आणि शाळेच्या पायरीवरून ओरडले. खडूनं घसा बसलेला, आवाज कसातरी फाटका निघाला. पाचव्या दिवशी माझ्या मागे अख्खी सातवी उभी होती.

त्या आठ-दहा संध्याकाळी मला अजून स्वप्नातल्यासारख्या आठवतात. पाण्यावर धुकं धरायला लागलेलं, पिकल्या धानाचा वास, आणि मधल्या पिवळ्या अंधुक उजेडात न दिसणाऱ्या माणसानं टाकलेला एकेक आकडा चारी दिशांनी उलटून यायचा. डुकरांना कळेना कुठल्या बाजूनं शिरावं. सगळं वाचलं असं मी म्हणणार नाही. एका पहाटे काकांना खोकल्यानं उठवेना, आणि दुसरी बांधी गेली. पण तीन उरल्या.

काकूंचा भाऊ आला तेव्हा खळ्यावर धानाचा ढीग होता. गेल्या तीन सालांत नव्हता एवढा, पण पोटापुरता. काकूंनी भावाला चहा दिला, बसायला बाज दिली. मग आतून काटा आणून नवऱ्यापुढे ठेवला आणि स्वतः ढिगाच्या पलीकडे, शेतकऱ्यानं उभं राहायच्या जागी, पदर खोचून उभ्या राहिल्या. काकांनी पहिलं माप उचललं. खांदा दुखत असणार.

"लाभ," काका म्हणाले. हळूच म्हणाले, मापाऱ्याला न शोभेलसं.

"लाभ," काकू म्हणाल्या. भावानं चहा संपवला आणि निलगिरीचा विषय काढला नाही.

डिसेंबरात परवान्याची मुदत संपली. काकांनी वाढवून मागितली नाही. पण म्हणून ते सुधारले असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी सात वाजता माझ्या दाराची कडी वाजलीच. मी आतून विचारलं, "आता कशाला, काका?" म्हणाले, "कोन जाने जी, उद्या सरकार मोठ्या गोळीतबी आपल्यामनानं भरनारी देईन. हात चालू ठेवला पायजे." ते देत नाही, देणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा बरं ठाऊक होतं. खुंट्या रिकाम्या ठेवायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, एवढंच मला तेव्हा कळलं.

पुढे माझी बदली झाली. मागच्या पावसाळ्यात फोन आला, काका गेले. दिवसांना जाता आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत गेले. ओसरीत खुंट्या तशाच होत्या, दसऱ्याचा वाळका झेंडू अजून त्यांवर. खिडकीत कागदावर धानाच्या दोन ढिगुल्या. कुणी तोलल्या विचारलं, तर शेजारीण म्हणाली, काकूच तोलतात, आणि आता त्या शेतावर गेल्या आहेत. मी बॅग ओसरीतच ठेवली आणि तलावाच्या वाटेनं निघाले. शाळेपर्यंत पोचले तोवर दिवस बुडत आला होता. शाळेला कुलूप, अंगणात कुणी नाही. टोलीतला म्हातारा काकांच्या आधीच गेलेला, गिरणी बंद पडलेली.

आणि मचाणाकडून आवाज आला. बारीक, कापरा, निम्म्या वाटेतच विरणारा.

"लाऽऽभ..."

पाण्यावर काही हललं नाही. आवाज थांबला. पुढचा आकडा आला नाही. उलट जबाब मिळाल्याशिवाय पुढचं माप घ्यायचं नसतं, आणि काकू ती रीत मोडणार नव्हत्या. त्या तिकडे उभ्या असणार, दिसत नव्हत्या.  मी शाळेच्या पायरीवर चढले, डावा हात कानाशी नेला आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओरडले, "लाभ!"

मी हात कानाशीच धरून ठेवला.

"दोऽऽन," काकू म्हणाल्या.